पावसाआधी चाकांकडे पाहा

मैत्रिणींनो, माझा भाचा जर्मनीत असतो. ऑक्टोबर आला की तिकडे गाडीचे चारही टायर उतरवून हिवाळ्याचे चढवायचे आणि ईस्टरनंतर पुन्हा उन्हाळ्याचे. पारा सात अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक होतं, रस्त्याला धरत नाही. “मावशी, तुमचं बरं, बारा महिने एकच टायर!” भाचेसून फोनवर म्हणाली.

मलाही तसंच वाटायचं. आपल्या मीरा-भाईंदरला कसली आलीय थंडी? पण आपला हिवाळा म्हणजे जून, हे मला गेल्या वर्षी कळलं. पहिल्याच सरीत आम्ही नणंदेकडे ठाण्याला निघालो होतो. काशीमिरा सोडलं, गायमुखचा घाट लागला. पुढचा ट्रक थांबला, ह्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकतच गेली. हातभर अंतर राहिलं असेल. मागे मुलं होती. त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही.

पहिला पाऊस फार फसवा, बरं का. महिनोन्‌महिने साठलेली धूळ आणि तेल भिजून रस्त्यावर राबडी होते. नंतर पाणी साचतं. टायरच्या खाचा ते पाणी बाहेर टाकतात. खाचा झिजल्या की चाक पाण्यावर तरंगतं, मग ब्रेक कितीही चांगले असोत.

गंमत म्हणजे आमच्या टायरांची नक्षी बरी दिसत होती. गाडी जुनी घेतलेली, कमी फिरलेली. गॅरेजवाल्याने बाजूवरचे चार आकडे दाखवले तेव्हा उलगडा झाला. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आमचे नऊ वर्षांचे निघाले! मसाल्याच्या पाकिटावरची तारीख आपण चष्मा लावून वाचतो, मग ही का नाही? आकडे एका बाजूला नसले तर दुसऱ्या बाजूला पाहा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांपुढे ठेवू नये. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर तेवढंही थांबू नका.

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, ही कायद्याची हद्द. पावसाळ्यासाठी मात्र ३ च्या खाली गेलेला टायर मी तरी ठेवणार नाही. स्वस्तात मिळणारे, खाचा पुन्हा कापलेले जुने टायर तर घेऊच नका. दिसतात नवे, पण रबर आतून पातळ झालेलं असतं.

चारही एकदम झेपत नसतील तर दोन घ्या, पण ते मागे लावा. दुकानदार पुढे लावू पाहील, ह्यांनाही तेच पटत होतं. पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती आवरणं कठीण.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाब, तेवढी हवा भरायची नाही. सकाळी गाडी फिरायच्या आधी, टायर थंड असताना मोजून घ्यावी. स्टेपनीतलीही पाहावी, ती हमखास विसरते.

मे महिन्यात शाळेचा खर्च, छत्र्या, गॅलरीला ताडपत्री. त्यात टायर कुठे बसवायचे, हा प्रश्न माझ्याही घरात होताच. गेल्या वर्षी दोन लगेच घेतले. उरलेल्या दोघांसाठी माझा भिशीचा नंबर जुलैत लागायचा होता, तोवर ठाण्याला आम्ही बसनेच गेलो.