उमासा आला तर थांबा, त्यात लाज कसली?



विषय जरा किळसवाणा आहे, आधीच सांगतो. चहा घेत वाचत असाल तर कप बाजूला ठेवा. व्यायाम करताना येणाऱ्या उमाशाबद्दल लिहितोय. उलटी होत नाही, पण पडजिभेपाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, घसा आवळतो, डोळ्यांत पाणी येतं आणि चारचौघांत 'ऑऽक' होतं. मला हे लहानपणापासून आहे. जीभ घासताना तर आहेच, पण भरभर चालताना, पुढे वाकताना, कपालभाती करतानाही. आता सत्तरी उलटली तरी आहे.

हिमायतनगरहून इंदिरा पार्क काही लांब नाही, म्हणून सकाळी तिकडेच चालायला जातो. आमच्या वयाचे मराठी, तेलुगू, मारवाडी सगळे जमतात. राजकारणावर दोघांचं पटत नाही, पण या बाबतीत सगळ्यांचं एकमत! "अहो येऊ द्या, कफ निघतोय." "पित्त पडलं की शरीर शुद्ध." एकाने तर ठासून सांगितलं, "आयुर्वेदात लिहिलंय, दाबा आणि चालत राहा." जिमला जाणारी पोरं वेगळंच सांगतात. त्यांच्या मते उलटी येईपर्यंत केला नाही तो व्यायामच नव्हे. म्हातारे आणि तरुण, दोघांचा सल्ला एकच : थांबू नका.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि आमच्या वयात धोक्याचाही आहे.

आयुर्वेदाचं नाव घेणाऱ्यांनी आधी तो उघडून बघावा. मी कॉमर्सचा माणूस, माझं संस्कृत शाळेपुरतं. पण मराठी अर्थासह पुस्तकं मिळतात की. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय बघा. अडवू नयेत असे १३ वेग तिथे सांगितलेत, त्यात उलटीचा वेग आहे. म्हणजे "दाबा आणि चालत राहा" तिथेच बाद. त्याच अध्यायात अतिव्यायामाने काय होतं त्याची यादी आहे : थकवा, तहान, खोकला, ताप आणि उलटी. म्हणजे उलटी ही अतिरेकाची खूण, शुद्धीची नव्हे. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितलाय, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, लिमिट लाखाचं असलं तरी पन्नास हजारच उचला. आणि आमचे लोक हैदराबादच्या मे महिन्यात घामाघूम होऊन चार फेऱ्या जास्त मारतात!

"पण योगात धौती आहे ना?" आहे. पण हठप्रदीपिकेत स्पष्ट आहे की मेद आणि कफ जास्त असलेल्याने षट्कर्मं आधी करावीत, इतरांनी करू नयेत. ती जाणकारासमोर, ठरवून करायची क्रिया. चालता चालता अवचित येणारा उमासा म्हणजे क्रिया नव्हे.

आता शरीराचा हिशेब. घशाच्या मागच्या भागाला स्पर्श झाला की मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या नवव्या जोडीतून वर खबर जाते, आणि मुख्यतः दहाव्या जोडीतून घसा आवळायचा हुकूम येतो. नको ते आत उतरू नये म्हणून हा पहारा. काहींचा पहारेकरी जरा जास्तच जागा असतो, एवढंच. इच्छाशक्तीचा यात संबंध नाही. त्यात जोराच्या व्यायामात पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. वर भरलेलं पोट, वाकल्यावर घशाशी येणारं आम्ल, नाकामागून उतरणारा कफ, तोंडाने घेतलेला कोरडा श्वास. मग उमासा येणार नाही तर काय होणार?

मी काय करतो? खाल्ल्यावर दोन तास व्यायाम नाही. वेग असा की चालताना बोलता आलं पाहिजे. श्वास नाकाने. घसा आवळायला लागला की उभा राहतो, मान सरळ ठेवतो, श्वास हळू सोडतो. पुढे वाकायची आसनं बंद. उमासे कमी झालेत, गेलेले नाहीत. चालणं मात्र सुटलेलं नाही.

सुटलं ते दुसऱ्या कुणाचं तरी. आमच्या गटात एक वहिनी यायच्या. मधुमेह होता, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. त्यांना उमासे यायचे आणि लोक हसायचे, "सुटी घ्या, सुटी" म्हणायचे. त्या यायच्याच बंद झाल्या. चालणं हे त्यांचं औषध होतं. ते आपल्या थट्टेने बंद पाडलं, याचं कुणाला काहीच वाटलं नाही!

आणखी एक. सगळेच उमासे घशाचे नसतात. श्रमाबरोबर येणारी मळमळ हे हृदयविकाराचंही लक्षण असू शकतं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसं न दुखताही असं होतं. माझा सवयीचा उमासा मी ओळखतो. पण उतारवयात पहिल्यांदाच चालताना मळमळायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा. सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल. तिथे "येऊ द्या, पित्त आहे" म्हणणारा माणूस एखाद्याच्या जिवावर उठू शकतो.

म्हणून उद्या बागेत कुणी झाडाला धरून उभा दिसला तर सल्ला देऊ नका, हसू नका. बाकावर बसवा, घोटभर पाणी द्या आणि एकच विचारा : छातीत कसं वाटतंय?

— हिमायतनगरचा एक निवृत्त बँकवाला