उंदराची साक्ष

हळदीने आतड्याचा कॅन्सर रोखता येतो, ही बातमी दर वर्षी-दोन वर्षांनी नव्याने फिरते आणि घरच्या ग्रुपवर तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. पंचाईत अशी की बातमी साफ खोटी नसते. गाठी खरोखर कमी झालेल्या असतात, पण उंदरांच्या. ते चौथ्या परिच्छेदात लिहिलेले असते आणि तिथवर कोण जातो?

उंदरांवरचे हे काम मात्र मोठ्या कसबाचे आहे. 1987 साली रंजना बर्ड यांनी कर्ककारक रसायन दिलेल्या उंदरांचे मोठे आतडे उभे चिरून सपाट पसरले, मिथिलिन ब्लूने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. निरोगी अस्तर चाळणीसारखे दिसते, एकसारख्या बारीक भोकांचे. त्यात मधूनच काही भोके मोठी, लांबट तोंडाची, जाड काठाची, गडद निळी दिसली. गाठ धरण्याच्या कितीतरी आधीची ही खूण. पुढे ती माणसांतही सापडली. संशोधकांच्या हाती सोयीचे माप आले: खाद्यात काहीतरी मिसळा, काही आठवडे थांबा, अशा भोकांचे पुंजके मोजा. मग स्वयंपाकघरातला कुठला डबा उघडायचा राहिला? यातले बहुतेक पुंजके कॅन्सरपर्यंत पोचतच नाहीत, ही गोष्ट मात्र मागे पडली.

दुसरा साक्षीदार 'मिन' उंदीर, 1990 साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी जगापुढे आणलेला. त्याचा एपीसी जनुक जन्मतःच बिघडलेला असतो. हाच बिघाड माणसात वारशाने आला, तर तरुणपणीच मोठ्या आतड्यात शेकडो गाठी उगवतात. उंदराला त्या मुख्यतः लहान आतड्यात येतात. हा फरक किरकोळ नव्हे.

2002 साली या उंदरांच्या खाद्यात हळदीतले कर्क्युमिन 0.2 टक्के मिसळले, तेव्हा गाठी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. 2018 साली हाच आनुवंशिक आजार असलेल्या 44 माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. काहींना वर्षभर रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, बाकीच्यांना दिखाऊ गोळी. गाठींच्या संख्येत किंवा आकारात दोन्ही गटांत फरक पडला नाही. एवढे कर्क्युमिन हळदीतून घ्यायचे तर रोज शंभरेक ग्रॅम हळद लागेल, हळदीच्या दुधाची बातच सोडा.

म्हणून उंदराला खोटे ठरवण्याचे कारण नाही. सुलिंडॅक या सूज उतरवणाऱ्या औषधाने उंदरांतल्या गाठी घटल्या, तशा माणसांतल्याही. साक्ष कधी टिकते, कधी नाही, आणि ते माणसांवरच्या चाचणीतच कळते. माझी तक्रार उपसंपादकांकडे आहे. 'उंदरांमध्ये' या शब्दाला मथळ्यात जागा नाही म्हणतात, 'रामबाण'ला बरी सापडते!

ज्या घरात हा आजार वारशाने चालत आला आहे, तिथल्या मुलांची दुर्बिणीने तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासूनच सुरू करतात. फोडणीत हळद खुशाल घाला, पण ती तारीख चुकवू नका.