सोऱ्यातले पाणी

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहायचे, हा नियम मी आजवर निष्ठेने पाळत आलो. गेल्या दिवाळीत मात्र चकलीने मला आत ओढले.

त्याचे असे झाले. आई आता ८२ वर्षांची आहे. चकल्या तिच्याच हातच्या हव्यात, हा हट्ट तिचाही आणि आमचाही. सकाळी भाजणीचा डबा उघडून तिने चिमटीत पीठ घेतले आणि म्हणाली, "जाडी दळलीय रे गिरणीवाल्यानं." मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हटले, "हल्ली तुला सगळंच बिघडलेलं दिसतं." ती काही बोलली नाही.

तासाभराने तळणीचा वास आला म्हणून आत डोकावलो. पहिल्या चार चकल्या मऊ, पसरट. पुढच्या जेमतेम. शेवटच्यांचे तर नुसते तुकडे! आईने सोऱ्या खाली ठेवला होता. "माझा हात गेला," एवढेच म्हणाली.

ते ऐकून माझी लेक पुढे झाली. ही पुण्यात संगणकावर कसलीशी गणिते करते, एवढेच मला ठाऊक होते. मोटारीचा धूर शुद्ध करायला चिनी मातीच्या जातीचा एक जाळीदार ठोकळा असतो. ओली माती साच्यातून दाबून तो काढतात, आणि ती माती साच्यातून कशी सरकेल हे ही बाई आधी पडद्यावर पाहते. म्हणजे सोऱ्याच, पण पदवीधर!

"आजी, एक सोऱ्या रिकामा व्हायला किती वेळ लागला ग?"

"खांदा दुखतो ना. थांबत थांबत फिरवते."

लेकीने सोऱ्यात उरलेले पीठ काढून दाखवले. कोरडे, भुरभुरीत. परातीतला गोळा मात्र अजून मऊ होता.

"आजी, तुझा हात नाही गेला. पाणी गेलं."

मग तिने समजावले ते असे. मळलेले पीठ म्हणजे कण आणि कणांच्या फटींत भरलेले पाणी. दाबले की भार दोघांत वाटला जातो. टर्झागी नावाच्या इंजिनिअराने १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात मातीबद्दल हे मांडले. पाणी जिकडे दाब कमी तिकडे धावते, म्हणजे चकतीच्या भोकाकडे. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा हिशेब फ्रान्समधल्या दीजाँ गावी दार्सीने १८५६ सालीच मांडून ठेवला आहे. भरभर दाबले तर पाण्याला एकटे पळायला सवड मिळत नाही, पीठ-पाणी जोडीने बाहेर येतात. हळू दाबले की पाणी पुढे निसटते. पहिल्या चकल्या सैल आणि मागे राहिलेले घट्ट. घट्ट झाले की जोर जास्त लागतो, आणि दुखरा खांदा आणखी थांबतो! उसाच्या चरकातही रुळांमध्ये हेच चालते, फक्त तिथे रस पळावा अशीच आपली इच्छा असते.

"आणि कण जाडे असले की फटी मोठ्या," लेक म्हणाली. "कण दुप्पट जाडा, तर पाणी चौपट सहज निसटतं."

आईने माझ्याकडे पाहिले. मी चकल्यांकडे पाहिले.

उकड काढली की पीठ फुगून पाणी धरून ठेवते. कारखान्यात त्याच कामासाठी मातीत मेथिल सेल्युलोज घालतात म्हणे. संगणक सोऱ्यातल्या पिठाचे हजारो बारीक तुकडे कल्पितो आणि प्रत्येकातून किती पाणी गेले ते क्षणाक्षणाला मोजतो. पण भोकाच्या कडेशी ते तुकडे इतके पिळवटतात की गणितच अडून बसते. मग सगळी जाळी पुन्हा विणायची आणि पुढे जायचे.

"म्हणजे तुझीही चकली मोडते तर!" आई म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

दुपारी उरलेली भाजणी बारीक चाळणीने चाळली, नवी उकड काढली. सोऱ्या अर्धाच भरायचा, असे ठरले. दांडा मी फिरवायचा आणि खालचा कागद आईने. तिची बोटे कागदाला असा बेताचा झोक देत होती की वेढे एकाला एक चिकटून बसत; ते काही लेकीच्या पडद्यावर नव्हते. मी जरा दमलो की वरून हुकूम सुटे, "भरभर! पेपर वाचतोयस का?" काटेरी, अखंड चकल्या ताटात पडू लागल्या. तुकडे मात्र माझ्याच वाट्याला आले.

यंदा भाजणी दळायला मीच गेलो. गिरणीत उभा राहून दोनदा दळून घेतली आणि डबा आईपुढे ठेवला. तिने चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिले.

"चाळून घे," ती म्हणाली.