विश्लेषण : आधी प्राणवायू, मग नळी! लहान मुलांच्या श्वासाचे गणित वेगळे का?

गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावली, असे समजा. दंशाची खूणही धड दिसत नाही. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास उथळ होत जातो. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. प्रतिविष द्यावे लागतेच, पण श्वास थांबू लागला की श्वासनलिकेत नळी टाकून कृत्रिम श्वास द्यावा लागतो. यालाच इंट्यूबेशन म्हणतात.

अशा वेळी नातेवाईक विचारतात, ‘व्हेंटिलेटर आहे का?’ माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे : नळी बसेपर्यंत मुलाला प्राणवायू कसा मिळत राहणार?

मुलांच्या हाती वेळ कमी का?

पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. मुलाची टाकी लहान, पण नळ मोठा. प्रौढ माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर प्राणवायू वापरतो, तर तान्हे बाळ ६ ते ८ मिलिलिटर. फुप्फुसातला साठा मात्र तुटपुंजा. नळी टाकताना श्वास थांबलेला असतो. आधी पुरेसा प्राणवायू दिलेल्या निरोगी प्रौढाची पातळी ९० टक्क्यांवर यायला साधारण ८ मिनिटे लागतात. १० किलोच्या निरोगी मुलाला ४ मिनिटेही लागत नाहीत. आजारी मुलाकडे त्याहून कमी वेळ असतो आणि ९० च्या खाली घसरण फार वेगाने होते. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडाही काही सेकंद मागे असतो.

मग डॉक्टर काय करतात?

नळी टाकण्यापूर्वी सुमारे ३ मिनिटे शुद्ध प्राणवायू देतात. स्वतःचा श्वास अपुरा असेल तर ॲम्ब्यू बॅगने हलके श्वास देतात. तान्ह्या बाळाचे डोके मोठे असल्याने मान पुढे झुकते, म्हणून खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवतात. नळी टाकताना नाकावाटे प्राणवायू चालू ठेवता येतो. ऑस्ट्रेलियात नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकातून जोरकस प्रवाह चालू ठेवल्यावर बाळाची प्रकृती न ढासळता पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण ३१.५ वरून ५० टक्क्यांवर गेले.

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे आकडा घसरू लागला की प्रयत्न सोडायचा, मास्क लावायचा, पातळी वर आणायची आणि मगच पुन्हा प्रयत्न करायचा.

नळी बसलीच नाही तर?

२००० साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरातील ८३० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी काहींना बॅग-मास्कने श्वास दिला, काहींना नळी टाकण्याचा प्रयत्न झाला. पहिल्या गटातील ३० टक्के मुले वाचली, दुसऱ्यातील २६ टक्के. फरक किरकोळ होता, पण नळीमुळे जगण्याचे प्रमाण वाढले नाही, हे स्पष्ट झाले. म्हणजे रस्त्यात नळीचा हट्ट धरण्यापेक्षा नीट बसलेला मास्क आणि छाती उचलेल इतकाच दाब मोलाचा. जास्त दाबले तर हवा पोटात जाते.

उमापूरकरांनी काय विचारायचे?

उमापूरचे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग गेवराईचे उपजिल्हा रुग्णालय, मग बीडचे जिल्हा रुग्णालय. या साखळीतल्या प्रत्येक कडीला प्राणवायू टिकवता आला पाहिजे. नवा व्हेंटिलेटर आला की फोटो छापून येतो, आम्हीही छापतो. मास्कचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत हे विचारा : बाळाच्या चेहऱ्यावर बसणारे लहान मास्क आहेत का? मुलांची, साधारण अर्ध्या लिटरची ॲम्ब्यू बॅग आहे का? मुलांच्या बोटाला बसणारा ऑक्सिमीटर? भरलेला सिलिंडर? आणि ही बॅग पुतळ्यावर शेवटची कधी वापरून पाहिली?

घरच्यांचे कामही ठरलेले आहे. सर्पदंशाचा संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि ‘मूल लहान आहे, श्वास घ्यायला त्रास होतोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. तेवढ्यावरून समोरच्याला लहान मास्क बाहेर काढून ठेवता येतो.