पहिला रोजा आणि तिसरीचे पुस्तक

रमजान सुरू झाला की दैनिकांच्या आतल्या पानावर लहान मुलांची छायाचित्रे दिसू लागतात. मुलाच्या डोक्यावर टोपी, मुलीच्या डोक्यावर ओढणी, गळ्यात फुलांचा हार आणि खाली दोन ओळी: सात वर्षांच्या अमक्याने आयुष्यातला पहिला रोजा पूर्ण केला. त्या संध्याकाळी नातेवाईक जमतात, शेजारचे काका-काकू येतात, मुलाच्या हातावर खाऊ किंवा एखादी नोट ठेवतात. कौतुक मुलाचे होते आणि ते व्हायलाच हवे. त्या छायाचित्रात न दिसणारे घर मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या रोजाच्या दिवशी ते घर काय काय करते? आई सहेरीला त्याला हलक्या हाताने उठवते आणि दोन घास जास्त खायला घालते. वडील कामावरून दुपारी फोन करून विचारतात, 'पाणी तर नाही ना मागितलं?' दादी त्याला मांडीवर झोपवून पैगंबरांच्या गोष्टी सांगते, म्हणजे वेळ जातो. मोठी बहीण घड्याळ दाखवत राहते. धाकट्या भावाला कोणी त्याच्यासमोर बिस्किट खाऊ देत नाही. मुलाला मशिदीत सोडून 'आता मौलाना बघतील' असे म्हणणारे घर शोधून सापडणार नाही. रोजा मुलाचा असतो, पण तो सारे घर मिळून निभावते.

तेच मूल तिसरीत असते. त्याच्या दप्तरातले पुस्तक त्याला नीट वाचता येते की नाही, हे मात्र त्या घरात अनेकदा कोणालाच माहीत नसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते: 'शाळेत घातलंय ना, मास्तर बघतील.' हे उत्तर एका मोहल्ल्याचे किंवा एका धर्माचे नाही. उर्दू शाळेच्या फाटकावर, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेच्या ओट्यावर आणि भरभक्कम फी घेणाऱ्या इंग्रजी शाळेच्या पार्किंगमध्येही ते ऐकू येते. तिथे फक्त 'फी भरलीय ना' एवढा बदल होतो.

मुले घरात काय शिकतात, याची उदाहरणे दूर नाहीत. गणपतीच्या आरत्या कुठल्याही मुलाला क्लास लावून शिकवल्या जात नाहीत. दहा दिवस सगळे घर म्हणते, म्हणून त्या पाच वर्षांच्या मुलाच्याही तोंडी बसतात. कलमा आणि छोट्या सूरा मुलांना अशाच येतात. जे काम सारे घर आपले मानते, ते मूल शिकते. शाळेचा अभ्यास मागे पडतो, कारण तो घराने आपला मानलेला नसतो.

या महिन्यात ही आठवण काढण्याला कारण आहे. कुरआनच्या अवतरणाची सुरुवात रमजानमध्ये झाली आणि पहिला शब्द होता 'इकरा', म्हणजे वाच. बद्रची लढाईही हिजरी सन 2 च्या रमजानमधली. त्या लढाईतल्या ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यापैकी काहींची सुटका मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवण्याच्या अटीवर झाली, असे परंपरा सांगते. शिकवणारे कालपर्यंतचे शत्रू होते आणि वेगळ्या श्रद्धेचे होते. तरीही मुलांना त्यांच्यासमोर बसवले गेले. खंडणीच्या रकमेपेक्षा मुलांचे अक्षर मोलाचे ठरले. ही गोष्ट रमजानच्या प्रवचनात दरवर्षी सांगितली जाते. ती ऐकून घरी आलेल्या बापाने मुलाचे दप्तर उघडून पाहिले, तर त्या प्रवचनाचे सार्थक होईल.

यात दोष फक्त पालकांचा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. शिक्षक म्हणतात, पालक येत नाहीत. पालक म्हणतात, शाळा बोलावते ती एक तर तक्रार सांगायला किंवा कागदावर सही घ्यायला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ज्या बापाला शाळेत फक्त 'तुमचा मुलगा फार दंगा करतो' हेच ऐकायला मिळते, तो दुसऱ्यांदा येत नाही. स्वतः शाळा अर्धवट सोडलेल्या आईला तर मुख्याध्यापकांच्या खोलीची पायरी चढतानाच धडधडते. तिला खुर्ची दिली, तिच्या भाषेत दोन वाक्ये बोलली, मुलाची एक चांगली गोष्ट आधी सांगितली, तर पुढच्या वेळी ती शेजारणीलाही घेऊन येते.

कायद्याने पालकांना शाळेत जागा दिली आहे, हेही फार थोड्या घरांत पोहोचले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, आलेल्या अनुदानाचा खर्च कसा झाला ते पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक संस्थांच्या आणि इतर अनुदानित शाळांत तिची भूमिका सल्ला देण्यापुरती राहिली. नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मात्र, त्या मराठी असोत की उर्दू, समितीचे अधिकार कायम आहेत. याच कायद्याच्या कलम 24 ने शिक्षकांवर जबाबदारी टाकली आहे की, त्यांनी पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगावी. म्हणजे 'माझा मुलगा वाचतो का?' असे विचारणारा पालक शाळेकडे मेहेरबानी मागत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय होते, ते गावाला ठाऊक असते. इतिवृत्ताचे रजिस्टर शिपायासोबत घरी येते, आई भाकरी थापता थापता सही किंवा अंगठा करते आणि बैठक झाल्याची नोंद होते. अध्यक्ष कोण हे चावडीवर किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात ठरते. म्हणून समिती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीवर दुसरे कोणी येऊन बसणारच. सही करण्यापूर्वी रजिस्टर वाचायला मागणारी एक आई सगळ्या शाळेची सवय बदलू शकते. तिला वाचता येत नसेल, तर सातवीतल्या मुलीला वाचून दाखवायला सांगावे. त्या मुलीसाठीही तो एक धडाच ठरेल.

दुसरी अडचण वेळेची आहे आणि ती खरी आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. सकाळी अकराला बोलावलेल्या बैठकीला यायचे म्हणजे त्या कामगाराने दिवसाची मजुरी सोडायची. हातगाडीवाला, धुणीभांडी करणारी बाई, रिक्षावाला यांचेही तेच. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, मग पालकांची बैठक शुक्रवारी नमाजनंतर का असू नये? जिथे बाजाराचा दिवस सुटीचा असतो, तिथे तो दिवस धरावा. बैठक शाळेच्या सोयीने ठेवायची आणि पालक उदासीन आहेत म्हणायचे, हा हिशेब बरोबर नाही.

पालकांची समिती मनावर घेते तेव्हा काय होऊ शकते, याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागे मुलांचे काय, हा प्रश्न. मुलांनी उसाच्या फडावर न जाता गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली आणि ती चालवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. ती सगळीकडे सारखी चांगली चालत नाही, तक्रारीही होतात. तरी जिथे समिती जागी असते, तिथे आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण मिळते आणि त्याची शाळा सुटत नाही. या समित्यांत शेतमजूर असतात, ऊसतोड मजुरांचे भाऊबंद असतात. शिकलेल्या पालकांनाच शाळेचे कळते, हा समज अशी गावे खोटा ठरवतात.

घरातल्या सहभागासाठी तर समितीचीही गरज नाही. 2022 मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले, तेव्हा वस्त्यावस्त्यांत मातांचे गट केले गेले. ज्या आयांना फारसे लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनीही डाळ-तांदळाचे दाणे मोजून, भाज्या निवडून, गोष्टी सांगून मुलांची तयारी करून घेतली. मुलाने मोठ्याने वाचावे आणि आईने ऐकावे, यासाठी आईला अक्षर यावे लागत नाही. मूल अडखळते कुठे, सलग वाचते कुठे, हे कानाला कळते. वाचून झाल्यावर 'मग काय झालं?' एवढे विचारले की त्याला समजले किती तेही कळते. रोजची दहा मिनिटे पुरतात. ज्या घरात दखनी किंवा उर्दू बोलतात आणि मूल मराठी शाळेत जाते, त्या घराने आपली बोली लपवू नये. मुलाने मराठी धडा वाचून त्याची गोष्ट घरच्या भाषेत सांगावी. दोन्ही भाषा पक्क्या होतील.

सध्याच्या वर्षांत या सगळ्याला आणखी एक निकड आहे. चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो मे-जूनमध्ये होता. 2025 मध्ये मार्चमध्ये आला आणि दहावीच्या परीक्षेला भिडला. तरावीहनंतर बाजार जागा असतो, मोठ्यांबरोबर मुलेही मध्यरात्रीपर्यंत फिरतात, सहेरीला पुन्हा उठतात आणि सकाळच्या वर्गात डुलक्या घेतात. शिक्षकांनी यावर बोलले की काहींना तो रोजावरचा आक्षेप वाटतो. आक्षेप रोजावर नसून जागरणावर आहे, आणि तो रास्त आहे. तरावीहनंतर मुलांना थेट झोपवावे. सहेरीनंतर फजरची नमाज झाली की जो अर्धा-पाऊण तास घर शांत असते, तो परीक्षेच्या मुलाला द्यावा. मोठ्यांनी त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे. ज्यांच्या घरी रोजे नसतात, त्यांनाही मार्चच्या लग्नसराईत आणि क्रिकेटच्या रात्रींत हाच नियम लागू पडेल.

आणि एक प्रश्न आठवीच्या पुढचा. शिक्षण हक्काचा कायदा आठवीपाशी, चौदाव्या वर्षापाशी थांबतो. पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीलाच संपतात. त्यानंतर मुलगा गॅरेजमध्ये किंवा मागावर जातो आणि पुढची शाळा लांब म्हणून मुलगी घरी बसते. हा निर्णय जूनमध्ये घाईने होतो आणि तो मुलांच्या आयुष्यभराचा असतो. पालकांची बैठक त्यासाठीच हवी. सातवीच्या वर्षातच दहा पालकांनी एकत्र बसून पुढची शाळा ठरवावी, मुलींनी मिळून जायची सोय करावी, ग्रामीण भागात अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास काढून घ्यावा. पुढच्या वर्गाची मागणी शाळा विकास आराखड्यात लेखी नोंदवावी. तोंडी मागणी हवेत विरते. लेखी मागणी निदान कोणाच्या तरी टेबलावर राहते.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी शेजारीपाजारी जाते, वर्गातल्या मित्रांच्या घरी जाते. यंदा एक वाटी मुलाच्या शिक्षकांकडेही जावी. शीरखुर्मा देताना पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी. ईदनंतर काही आठवड्यांतच निकालाचा दिवस येतो. त्या दिवशी प्रगतिपत्रकावर सही करण्याआधी पालकांनी तिसरीचे पुस्तक मागून घ्यावे, कुठलेही पान उघडावे आणि मुलाला वाचायला सांगावे. त्याने ते पान अडखळत का होईना पूर्ण वाचले, तर पहिल्या रोजाला घातला होता तसा एक हार त्यालाही घालावा.