विश्वास पुरे, हिशेब हवा

पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० साली निर्बंध आले आणि पेण परिसरातील सामान्य माणसांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा कारभार लोकांच्या नजरेआड राहिला की काय होते, हे या तालुक्याला वेगळे सांगावयास नको. हाच धडा उच्च शिक्षणालाही लागू आहे.

पेण-रोह्याच्या पूर्वेस, सह्याद्री ओलांडताच, मुळशी तालुक्यात लवासा आहे. ज्या जमिनींसाठी तेथील आदिवासी व शेतकरी झगडले, त्याच परिसरात बंगळूरच्या ख्राइस्ट विद्यापीठाचे संकुल चालते. सीएमआय या कॅथलिक धर्मसंघाच्या या संस्थेस २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कुलपती व कुलगुरू ही पदे संघाच्या धर्मगुरूंकडेच राहत आली आहेत. अशा खासगी अभिमत विद्यापीठांना शासनाचे वेतन-अनुदान नसते. त्यांचा डोलारा मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा असतो. म्हणजे पैसा पालकांचा आणि निर्णय संस्थाचालकांचा!

येथे कोणत्याही धर्मसंघावर गैरव्यवहाराचा आरोप नाही. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे आणि समाजवाद्यांनी त्याचे रक्षणच केले पाहिजे. परंतु कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क अंतर्भूत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच स्पष्ट केले. शिवाय १८६९ साली जेझुइटांनी मुंबईत स्थापिलेले सेंट झेवियर महाविद्यालय शासकीय अनुदान घेते, मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि तरीही आपले स्वत्व राखून आहे. तेव्हा सार्वजनिक नियमन आणि धर्मसंघाची सेवावृत्ती यांचे वैर नाही.

खरा प्रश्न धर्माचा नसून सत्तेचा आहे. १९८३ नंतर विनाअनुदानाच्या वाटेने वाढलेल्या शिक्षणसम्राटांनाही तोच प्रश्न विचारावा लागेल. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत शिक्षक व पदवीधर निवडून जातात; अभिमत विद्यापीठांना तो कायदा लागू नाही.

रोह्यात बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. उच्च शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे, या भूमिकेवरच तो आयोग उभा राहिला. धाटावच्या कारखान्यांतील कामगाराचे आणि पेणच्या मूर्तिकाराचे मूल शुल्काच्या दाराशीच अडणार असेल, तर ती भूमिका आपण सोडून दिली असेच म्हणावे लागेल. शुल्काचा संपूर्ण हिशेब जाहीर व्हावा आणि नियामक मंडळावर शिक्षक-विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे. संस्था मठाची असो, चर्चची असो वा साखरसम्राटाची. मागणी एकच राहील.