हळदीचा रंग कोणाला परवडेल?

हातमागास वीज लागत नाही. म्हणून त्याचे कापड निर्दोष, हा समज अर्धसत्य आहे. प्रदूषण मागावर नव्हे, रंगाच्या हौदात जन्मते. १९९७ साली केंद्र सरकारने ७० अपायकारक अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. तथापि रंगाच्या सांडपाण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही.

हिंगोली जिल्ह्यात कापूस पिकतो, वसमतची हळद तर प्रसिद्धच. मग हळदीनेच सूत रंगवावे, हा उपाय सहज सुचतो. परंतु हळदीचा रंग उन्हात विटतो. विटक्या कापडाला गिऱ्हाईक भाव देत नाही. तोटा विणकराच्या माथी बसतो. टिकाऊ वनस्पतिजन्य रंग आणि सांडपाण्याचे सामुदायिक शुद्धीकरण खर्चिक आहे. तो खर्च कापडाच्या किमतीत वा शासकीय अनुदानात उघडपणे धरला पाहिजे. अन्यथा तो नदीकाठच्या गावांना आपल्या पाण्याने फेडावा लागेल.